अमोनियम क्षाराचे सूत्र कसे वाचावे आणि त्याची बाटली कोठे ठेवावी

कनिष्ठ महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळांत बाटल्या बहुधा इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या असतात. हवी ती बाटली चटकन सापडते, साठा नोंदवहीशी ताडून पाहणे सोपे जाते आणि तपासणीच्या दिवशी कपाट नीटनेटके दिसते. या क्रमामुळे अमोनियमचे सगळे क्षार एका फळीवर येतात. अमोनियम नायट्रेट आणि अमोनियम ऑक्झलेट तर अगदी खेटून बसतात, कारण इंग्रजी वर्णमालेत ‘एन’नंतर ‘ओ’ येतो. यांतला पहिला ऑक्सिडक, म्हणजे इतरांचे इलेक्ट्रॉन घेणारा, आहे आणि दुसरा सेंद्रिय आम्लाचा क्षार असून चांगला क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, आहे. खालच्या फळीवर सोडियम नायट्रेट आणि नायट्राइटपासून चारदोन बाटल्यांच्या अंतरावर स्टार्च, साखर (शुगर) आणि गंधक (सल्फर) उभे असतात. वर्णमालेला रसायनशास्त्र कळत नाही, त्यामुळे कपाट लावणाऱ्याला ते कळावे लागते.

हे लेखन अशा कपाटाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांसाठी, प्रयोगशाळा सहायकांसाठी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अमोनियमच्या एखाद्या क्षाराचे सूत्र पाहून त्याचा स्वभाव कसा ओळखावा आणि त्यावरून त्याची जागा, हाताळणी व विल्हेवाट कशी ठरवावी, एवढाच याचा विषय आहे. यात कोणताही क्षार तयार करण्याची कृती नाही. येथे ज्यांची नावे येतील त्यांपैकी काही क्षार तर कोणीच मुद्दाम तयार करू नयेत असे आहेत.

सूत्र दोन भागांत तोडा

प्रथम सूत्रातला अमोनियम आयन वेगळा काढा. त्यात एक नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात, आणि नायट्रोजनचा ऑक्सिडीकरण अंक (अणूकडे किती इलेक्ट्रॉन जास्त किंवा कमी धरायचे तो आकडा) उणे ३ असतो. नायट्रोजनला याहून खालची पायरी नाही, म्हणजे त्याला यापुढे फक्त इलेक्ट्रॉन देता येतात. मुक्त नायट्रोजन वायू होताना प्रत्येक अमोनियम आयन तीन इलेक्ट्रॉन देतो. हा आकडा पाठ करून ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

मग उरलेल्या ऋण आयनाकडे पाहा आणि त्यातला मध्यवर्ती अणू किती इलेक्ट्रॉन घेऊ शकतो ते मोजा. नारिंगी रंगाचे अमोनियम डायक्रोमेट हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. त्याच्या एका सूत्र-एककात दोन अमोनियम आयन, दोन क्रोमियम आणि सात ऑक्सिजन असतात. क्रोमियम अधिक ६ वरून अधिक ३ वर येतो, म्हणजे दोन क्रोमियम मिळून सहा इलेक्ट्रॉन घेतात, आणि दोन अमोनियम मिळून बरोबर सहाच देतात. बाहेरून काहीही न घेता क्षार स्वतःच्या आतच पूर्ण जळतो. त्यातून हिरवा क्रोमिक ऑक्साइड, नायट्रोजन वायू आणि वाफ तयार होते. २५२ ग्रॅम डायक्रोमेटपासून १५२ ग्रॅम ऑक्साइड, २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ७२ ग्रॅम पाणी मिळते, आणि बेरीज काट्यावर जुळते. एका टोकाला उष्णता लागून क्रिया सुरू झाली की तिचीच उष्णता शेजारच्या स्फटिकाला पुरते, म्हणून ज्योत काढून घेतली तरी ती थांबत नाही.

हाच हिशेब इतरांना लावून पाहा. अमोनियम परमँगनेटमध्ये मँगनीज अधिक ७ वरून अधिक ४ वर येताना तीन इलेक्ट्रॉन घेतो आणि अमोनियम तीनच देतो, त्यामुळे तेथेही जमाखर्च कागदावर तंतोतंत मिटतो. अमोनियम नायट्राइटमध्येही तीनास तीन असेच आहे. अमोनियम नायट्रेटमध्ये मात्र नायट्रेटमधला नायट्रोजन पाच घेऊ शकतो आणि अमोनियम तीनच देतो, म्हणून दोन इलेक्ट्रॉनांएवढा, म्हणजे एका ऑक्सिजन अणूएवढा, शिल्लक हिशेब राहतो. वजनात हा ऑक्सिजन क्षाराच्या २० टक्के भरतो. अमोनियम परक्लोरेटमध्ये क्लोरीन अधिक ७ वरून उणे १ पर्यंत उतरताना आठ घेतो, त्यामुळे शिल्लक आणखी वाढून सुमारे ३४ टक्क्यांवर जाते. घन इंधनाच्या अग्निबाणांत परक्लोरेट वापरतात ते याच शिल्लक ऑक्सिजनसाठी, आणि केरळमधील अलुवा येथे इस्रोचा या क्षाराचा स्वतःचा कारखाना आहे तोही त्याचसाठी. प्रयोगशाळेच्या दृष्टीने या शिल्लकीचा अर्थ वेगळा आहे: असा क्षार शेजारी इंधन मिळण्याची वाटच पाहत असतो. कागद, भुसा, तेल, साखर, गंधक, धातूची पूड यांपैकी काहीही त्यात मिसळले की तो बाटलीवरच्या नावाप्रमाणे वागेल याची खात्री उरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘ऑक्सिजन भरपूर म्हणजे धोका भरपूर’ असे विद्यार्थी सर्रास धरून चालतात. शेतकरी पोत्याने वापरतात त्या अमोनियम सल्फेटमध्ये वजनाने ४८ टक्के ऑक्सिजन आहे, परमँगनेटमध्ये ४७ आणि डायक्रोमेटमध्ये तर ४४ टक्केच. तरीही सल्फेट तापवले तर त्यातून अमोनिया निघून जातो आणि आम्लधर्मी क्षार मागे उरतो, एवढेच. सल्फेटमधला गंधक अधिक ६ वर असला तरी अमोनियमकडून इलेक्ट्रॉन घेण्यास तो सहजी तयार होत नाही. म्हणून ऑक्सिजनचे अणू मोजत बसण्याऐवजी मध्यवर्ती अणू इलेक्ट्रॉन घेण्यास किती उतावीळ आहे, हे पाहावे.

हिशेब सारखा, स्वभाव वेगळा

वरच्या पद्धतीने क्रिया शक्य आहे की नाही हे कळते, पण ती कोणत्या तापमानाला आणि किती वेगाने होईल हे कळत नाही. डायक्रोमेट आणि परमँगनेट यांचा जमाखर्च सारखाच असूनही डायक्रोमेटचे अपघटन १८० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते, तर कोरडे अमोनियम परमँगनेट सुमारे ६० अंशांनाच स्फोटक रीतीने फुटू शकते आणि घर्षणालाही ते संवेदनशील असते. खोलीच्या तापमानाला नुसते ठेवले तरी ते हळूहळू बिघडत जाते. त्याच्या तुलनेत पोटॅशियम परमँगनेट पाहा: तोच जांभळा आयन, पण अपघटनासाठी २०० अंशांच्या पुढे जावे लागते, आणि घराघरांत ते पूर्वी भाजी धुण्यासाठी पुडीत बांधून ठेवलेले असे.

हा फरक पोटॅशियम आणि अमोनियम यांच्यातला आहे. पोटॅशियम आयनाकडे देण्यासारखे काही नसते. अमोनियम आयनाकडे इलेक्ट्रॉन तर आहेतच, शिवाय एक प्रोटॉनही आहे. स्फटिक तापू लागला की अमोनियम आपला प्रोटॉन शेजारच्या ऋण आयनाला देऊ पाहतो. तसे झाले की जागच्या जागी अमोनिया आणि त्या ऋण आयनाचे आम्ल, असे दोन रेणू समोरासमोर येतात. म्हणून अमोनियम क्षाराचा टिकाऊपणा अजमावताना स्वतःला विचारावे: याचे आम्ल मोकळे असते तर ते टिकले असते का? परमँगॅनिक आम्ल टिकत नाही. क्लोरिक आम्ल पातळ द्रावणापलीकडे नेता येत नाही. नायट्रस आम्ल थंड, विरल द्रावणातच काय ते राहते. या तिघांचे अमोनियम क्षार तितकेच भरवशाबाहेरचे आहेत. कोरडे अमोनियम क्लोरेट तर खोलीच्या तापमानालाही आपोआप फुटू शकते. नायट्रिक आणि परक्लोरिक ही आम्ले त्या मानाने टिकाऊ असतात, आणि नायट्रेट व परक्लोरेट हे क्षार टनांनी साठवता येतात ते त्यामुळेच. परक्लोरेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे: चार ऑक्सिजनांच्या आड दडलेल्या क्लोरीनपर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचायला अडथळा मोठा असल्यामुळे तो प्रबळ ऑक्सिडक असूनही मंद आहे.

अमोनियम नायट्राइटचा अनुभव बारावीच्या विद्यार्थ्यांना नकळत आलेला असतो. अमोनियम क्लोराइड आणि सोडियम नायट्राइट यांच्या जलीय द्रावणापासून नायट्रोजन वायू मिळवण्याची क्रिया पुस्तकात दिलेली असते; तेथे नायट्राइट द्रावणातच तयार होते आणि द्रावणातच संपते. ते वेगळे करून बाटलीत भरण्याचा विचार कोणी करत नाही, आणि करू नये.

न बनवता बनणारे क्षार

अमोनियम क्लोरेट किंवा परमँगनेट कोणी विकत घेत नाही, मग त्यांची चर्चा कशाला, असा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की हे क्षार कोणी मागवले नाहीत तरी तयार होऊ शकतात. अमोनियमचा कोणताही साधा क्षार आणि क्लोरेट किंवा परमँगनेटचा कोणताही क्षार दमट अवस्थेत एकत्र आले की आयनांची अदलाबदल होते, आणि ते मिश्रण वाळले की नको असलेली जोडी स्फटिकांत मागे राहते. तराजूच्या पारड्याशेजारी सांडलेले नवसागराचे, म्हणजे अमोनियम क्लोराइडचे, दाणे, त्याच चमच्याने काढलेले परमँगनेट आणि पावसाळ्यातली कोकणातली हवा एवढ्यावर हे घडण्याची सोय होते. मात्रा किरकोळ असते हे खरे, पण ती सवय किरकोळ नाही. प्रत्येक ऑक्सिडकासाठी वेगळा चमचा ठेवावा, त्यावर रंगाची खूण करावी, आणि तराजूची जागा प्रत्येक तासानंतर ओल्या फडक्याने पुसून ते फडके लगेच भरपूर पाण्यात धुवावे. पुसलेले फडके किंवा कागद तसाच कचरापेटीत वाळू देऊ नये.

आता कोणी म्हणेल की दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत आपण हेच दोन आयन एका चंबूत आणतो. ते खरे आहे. मोहरचा क्षार म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, आणि त्याचे अनुमापन (ब्युरेटने थेंबाथेंबाने द्रावण सोडून मात्रा मोजणे) आपण पोटॅशियम परमँगनेटनेच करतो. तरीही ते सुरक्षित असते, आणि का ते विद्यार्थ्यांना जरूर समजावून द्यावे. द्रावण विरल आणि आम्लयुक्त असते, आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असतात, आणि पडणारा प्रत्येक थेंब फेरस आयन आधी गिळून टाकतात: एका परमँगनेट आयनामागे पाच फेरस. फिकट गुलाबी छटा टिकते तो क्षण सोडला तर चंबूत मोकळे परमँगनेट जवळपास नसतेच. धोका वाळलेल्या स्फटिकाचा आहे, म्हणून तास संपल्यावरची व्यवस्था महत्त्वाची ठरते. ब्युरेटमध्ये उरलेले परमँगनेट उरलेल्या मोहर क्षाराच्या आम्लयुक्त द्रावणात, जांभळा रंग नाहीसा होईपर्यंत मिसळून टाकावे. ‘उद्या वापरू’ म्हणून दोन्ही द्रावणांचे अवशेष एका उघड्या तसराळ्यात आटत ठेवू नयेत.

कपाटाची फेररचना

कपाट लावताना वर्णानुक्रम पूर्ण सोडण्याची गरज नाही; आधी गट पाडावेत आणि मग प्रत्येक गटात वर्णानुक्रम ठेवावा. ऑक्सिडकांचा एक गट करावा: नायट्रेटे, नायट्राइटे, क्लोरेटे, परमँगनेटे, डायक्रोमेटे, पेरॉक्साइडे. अमोनियमचे निरुपद्रवी क्षार, म्हणजे क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट, मॉलिब्डेट इत्यादी, यांची फळी त्यांच्यापासून दूर ठेवावी, आणि ऑक्झलेट, थायोसायनेट, ॲसिटेट यांच्यासारखे क्षार सेंद्रिय पदार्थांच्या बाजूला न्यावेत.

अडचण येते ती दोन्ही गुण एकाच बाटलीत असलेल्या क्षारांची. अमोनियम नायट्रेट, अमोनियम डायक्रोमेट आणि अमोनियम परसल्फेट हे तिघे ऑक्सिडकांच्या कपाटात, पण क्लोरेट, परमँगनेट आणि नायट्राइटपासून वेगळ्या तसराळ्यात ठेवावेत. परसल्फेट जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जेल तयार करण्यासाठी वापरतात, त्यामुळे त्याची बाटली पुष्कळदा तिकडच्या फळीवर सापडते. कोरडे असताना ते बरेच टिकते. दमट झाले की हळूहळू ऑक्सिजन सोडत बिघडते, म्हणून ओल लागलेल्या बाटलीचे झाकण आवळून बंद करू नये. त्याची पूड श्वासात गेल्यास दमा उद्भवू शकतो, हेही सहायकांना सांगून ठेवावे.

ऑक्सिडकांसाठी लाकडी फळी टाळावी. ती टाळता येत नसेल तर फळीवर प्लास्टिकचे किंवा चिनी मातीचे खोल तसराळे ठेवून बाटल्या त्यात उभ्या कराव्यात. फळीवर वर्तमानपत्र अंथरण्याची आपली जुनी पद्धत येथे तरी सोडून द्यावी. सांडलेला ऑक्सिडक भुशाने टिपू नये, पाण्याने घालवावा.

अमोनियम नायट्रेटच्या बाटलीत ढेकूळ झालेले दिसते त्याला दोन कारणे आहेत. ते हवेतली ओल शोषून घेते, आणि ३२ अंशांना त्याची स्फटिकरचना बदलून आकारमान तीन-चार टक्क्यांनी वाढते. विदर्भ-मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये पारा दिवसा ३२ च्या वर आणि रात्री खाली जातो, त्यामुळे बंद खोलीतल्या बाटलीत हा बदल रोज पुढे-मागे होत राहतो. दाणे तुटतात, पुन्हा चिकटतात आणि शेवटी दगड होतो. तो दगड ठोकून किंवा लोखंडी सळईने खणून फोडू नये. बाटलीत पाणी घालून द्रावण करावे, ते कशाला लागते ते पाहून मापून वापरावे. विरघळताना बाटली चांगलीच थंड पडते, तेव्हा ते बिघाडाचे लक्षण समजू नये.

ढेकूळ फोडण्याबाबत एवढे बजावण्यामागे इतिहास आहे. २१ सप्टेंबर १९२१ रोजी जर्मनीतील ओपाऊ येथे अमोनियम सल्फेट-नायट्रेटचा घट्ट झालेला ढीग नेहमीप्रमाणे लहान सुरुंग लावून मोकळा केला जात होता. आधी अनेकदा निभावलेले ते काम त्या दिवशी निभावले नाही, आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी २७५० टन नायट्रेट फुटले, ते वर्षानुवर्षे गोदामात दुर्लक्षित पडून होते. बाटलीभर नायट्रेट आणि गोदामभर नायट्रेट यांत मूलभूत फरक आहे, कारण मोठ्या ढिगात निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून प्रयोगशाळेत वर्षाला लागेल तेवढेच मागवावे. भारतात या क्षाराचा व्यवहार अमोनियम नायट्रेट नियम, २०१२ यांखाली येतो, आणि त्याचे परवाने पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. पुरवठादाराकडून मागवण्यापूर्वी नियमांची चौकशी करणे ही संस्थेची जबाबदारी आहे.

‘ज्वालामुखी’बद्दल

विज्ञान प्रदर्शनात डायक्रोमेटचा ढीग पेटवून ज्वालामुखी दाखवण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. ठिणग्या उडतात, हिरवी राख फुगून ताटभर पसरते आणि टाळ्या पडतात. माझे स्पष्ट मत आहे की हा प्रयोग आता बंद करावा. राख हिरवी दिसली तरी तिच्यासोबत न जळलेल्या डायक्रोमेटचे कण उडतात, आणि त्यातला षट्संयुजी (अधिक ६ अंकाचा) क्रोमियम कर्करोगकारक आहे हे निर्विवाद आहे. समोर पहिल्या रांगेत सहावीची मुले बसलेली असतात. युरोपीय संघात तर या क्षाराचा औद्योगिक वापरही परवान्यावाचून करता येत नाही. मात्रा वाढली की धोका केवळ धुळीचा राहत नाही: जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲश्टाब्युला येथे वाळवणी यंत्रात तापत असलेल्या अमोनियम डायक्रोमेटचा स्फोट होऊन दोन कामगार दगावले. विद्यार्थ्यांना ही क्रिया शिकवायची असेल तर चित्रफीत दाखवावी आणि २५२ ग्रॅमचा हिशेब फळ्यावर करून घ्यावा. परीक्षेत विचारले जाते तेही तेवढेच.

बाटली शिल्लक असेल तर हातमोजे घालून तिचे झाकण व बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसावी, झाकणाच्या आट्यांत अडकलेले स्फटिक खरवडू नयेत, आणि नारिंगी डाग राहिले तर आम्लयुक्त फेरस सल्फेटच्या द्रावणाने ते हिरवे होईपर्यंत धुवावेत. बाटलीतला साठा बेसिनमध्ये ओतू नये. घातक कचरा स्वीकारणारी केंद्रे तळोजा, रांजणगाव अशा ठिकाणी आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून अधिकृत वाहतूकदाराची माहिती घेऊन, आसपासच्या दोन-चार महाविद्यालयांचा साठा एकत्र पाठवला तर खर्चही विभागला जातो.

जुन्या महाविद्यालयात, विशेषतः एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या संशोधनाच्या कपाटात, क्वचित अशी बाटली निघते की जिच्या चिठ्ठीवर अमोनियमच्या पुढे परमँगनेट, क्लोरेट किंवा नायट्राइट असे लिहिलेले असते, किंवा चिठ्ठी पुसलेली असून आत जांभळट-तपकिरी कोरडे स्फटिक दिसतात. ती उचलू नये, हलवू नये, झाकण फिरवून पाहू नये आणि काचेचे बूच असेल तर त्याला स्पर्शही करू नये. खोलीतली माणसे बाहेर काढून दाराला कुलूप लावावे, उन्हाची तिरीप त्या कपाटावर पडत असल्यास बाहेरून खिडकी झाकावी, आणि प्राचार्यांमार्फत अग्निशमन दलाला व विस्फोटक सुरक्षा संघटनेला कळवावे. दूरध्वनीवर चार गोष्टी सांगाव्यात: चिठ्ठीवरचे नाव जसेच्या तसे, अंदाजे मात्रा, स्फटिक कोरडे दिसतात की ओले, आणि त्याच फळीवर आणखी काय काय आहे. ही शेवटची माहिती साठा-नोंदवही अद्ययावत असेल तरच बाहेर उभे राहून देता येते.